धुक्यातली चाचणी

लकडगंज, नागपूर
१२ जानेवारी २०२४

इंदुवहिनीले देवरावचा नमस्कार,

पाकिटावरचं नाव वाचून तुमाले नवल वाटलं असन. माझी पुष्पलता गेली तेव्हा तुमचं चार ओळींचं पत्र आलं होतं. त्याचं उत्तर लिहीन लिहीन म्हणता राहूनच गेलं. आज लिहून राहिलो.

फोन काहून केला नाही, असं म्हणाल. माझा डावा कान पलटणीतच गेला, आणि उजव्या कानात फोनचा आवाज फाटून येते. अर्धं ऐकू आलं की माणूस नुसता हो-हो करत राहते. त्यापेक्षा कागद बरा.

पुष्पलतानंतर खापरखेड्यात मन लागेना. वीज केंद्राच्या गेटवरची नोकरी सोडली आणि इकडे लकडगंजात एक खोली घेतली. खाली आरामशीन आहे. दिवसभर लाकूड चिरणं चालते. लोक म्हणतात एवढ्या आवाजात राहता कसे. मले तो आवाज बरा वाटते. रविवारी मशीन बंद असली की मीच बेचैन होतो. पोरगा पियूष बंगलोरले आहे. या म्हणते. गेलो होतो पंधरा दिवस. ते दोघं सकाळी जायचे, मी खिडकीपाशी.

लिहायचं कारण असं की मले काम मिळालं. हिंगण्याकडे एक कंपनी आहे. पायदळाच्या जवानासाठी नवं सामान बनून राहिलं: हेल्मेट, अंगावरचं बुलेटप्रूफ, कानातला वायरलेस. हे सामान फौजेकडं जायच्या आधी त्याची परीक्षा घेतात. परीक्षा म्हणजे खोटी लढाई. एक मोठा हॉल आहे, खाली काळं रबर. आम्ही रिटायर झालेले जवान तिथं डोळ्यांवर एक डबा बांधून उभे राहतो. डब्यात डोंगर दिसते, झाडं दिसतात, दुश्मन दिसते. पायाखाली फिरणारा पट्टा आहे, त्यावर चालायचं. हातातली रायफल खऱ्या वजनाची, झटकाही खरा देते. गोळी लागली की छातीशी थरथरते, मग आपण मेलो असं समजून खाली बसायचं.

एकच लढाई आधी जुन्या सामानानं लढायची, मग नव्या. पुन्हा जुन्या, पुन्हा नव्या. कोण पडलं, कोण थकलं, कोणाले कोण दिसलं, सगळं कंप्युटर मांडून ठेवते. चिन्मयी मॅडम म्हणून एक इंजिनिअर आहे, तिच्या हाती हे सारं. इथल्याच महाल वस्तीतली पोरगी, तुमच्या दीपमालाहून दोन-तीन वर्षांनी मोठी असन. कमी बोलते, पण कान देऊन ऐकते.

नव्या हेल्मेटात डोळ्यापुढं एक बारीक काच आहे. तिच्यात आपल्या सेक्शनचा, म्हणजे दहा जणांच्या तुकडीचा, प्रत्येक बंदा निळा ठिपका होऊन दिसते. झाडामागं असो, धुक्यात असो, कोण कुठं आहे ते कळते.

लय वर्षांनी कोणी मले नावानं हाक मारून हुकूम दिला, वहिनी. घरी आलो तर जेवण दोन घास जास्तच गेलं.

दीपमालाले आशीर्वाद. तुमची तब्येत कळवा.

देवराव


पवनी, जि. भंडारा
२ फेब्रुवारी २०२४

देवराव भाऊजींना इंदुचा नमस्कार,

पत्र मिळालं. पोस्टमननं आधी माझ्या भावजयीच्या हाती दिलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, कोण हो हे देवराव? म्हटलं, दीपमालाच्या बाबांचे पलटणीतले मित्र. ती म्हणाली, कधी आले नाहीत.

मी भावाकडेच आहे. गिरिधर चांगला आहे, त्याची बायकोही वाईट नाही. पण अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हापासून दिवस लांब झाले आहेत. तिथं पन्नास पोरं पदर ओढायची. इथं मी स्वयंपाकघरात गेले की तिला वाटतं मी तिच्या हातून काम काढून घेते, आणि बाहेर बसले की वाटतं ताई काहीच करत नाहीत. म्हणून मी घाटावर जाऊन बसते. वैनगंगेला सध्या पाणी बरं आहे. दीपमाला रायपूरला सुखात आहे. जावई रेल्वेत आहेत.

तुम्हाला काम मिळालं याचा आनंद झाला. पत्र मी चार-पाच वेळा वाचलं. त्या निळ्या ठिपक्यांपाशी आले की थांबायचे.

भाऊजी, एक विचारते. रागावू नका. ते सामान तेव्हा असतं, तर दीपमालाचे बाबा परत आले असते का?

तुमचे पलटणीतले साहेब घरी आले होते तेव्हा म्हणाले, जागीच गेले, काहीच करता येण्यासारखं नव्हतं. मी ते धरून इतकी वर्षं काढली. पण तुमच्याकडे आता असं यंत्र आहे की तीच लढाई दोन्ही सामानांनी लढून बघता येते. मग तुम्हाला सांगता येईल. तुम्ही तिथं होता. तुमच्याशिवाय मी दुसऱ्या कुणाला विचारू?

उत्तर पाठवा.

इंदु


लकडगंज, नागपूर
१४ फेब्रुवारी २०२४

इंदुवहिनीले नमस्कार,

पत्र पावलं. वहिनी, तो एक प्रकारचा खेळच समजा. त्यातला डोंगर कोणत्याच गावचा नाही. त्यावरून खऱ्या गोष्टीचा अंदाज लावू नये.

इकडे थंडी कमी झाली. मागच्या हप्त्यात भंडाऱ्याकडचा एक बंदा डबा बांधल्याबरोबर ओकला. पाय पट्ट्यावर आणि डोळे डोंगरावर, त्याचं डोकं फिरलं. त्याले दोन दिवस सुट्टी दिली. नवं बुलेटप्रूफ हलकं आहे, पण खांद्यापाशी रुतते, ते मी मॅडमले सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

घाटावर बसता तर अंगावर शाल घेत जा. पाण्याजवळचा वारा बरा नसते.

देवराव


पवनी
२५ फेब्रुवारी २०२४

देवराव भाऊजींना,

मी काय विचारलं आणि तुम्ही काय लिहिलं? खांद्यापाशी रुततं हे वाचून मी काय करू?

मी अंगणवाडीत पंचवीस वर्षं पोरं सांभाळली. पोर कधी खाली बघून बोलतं ते मला कळतं. तुम्ही टाळलंत. आणि आता मला जे वाटायला लागलंय ते लिहिताना हात थांबतो, तरी लिहिते. तुम्ही त्यांना वर डोंगरावर टाकून आलात का? म्हणूनच त्यानंतर इतक्या वर्षांत आमच्या दारी आला नाहीत का? पलटणीतले बाकीचे आले. दीपमालाच्या लग्नाला दोघं आले. तुमचं आहेराचं पाकीट तेवढं आलं.

खरं असेल तर तसं लिहा. नसेल तर जे असेल ते लिहा. तोवर मी लिहिणार नाही.

इंदु


लकडगंज, नागपूर
९ मे २०२४

इंदुवहिनीले,

तुमच्या पत्राले उत्तर द्यायले अडीच महिने लागले. आता सगळं लिहितो. बसून वाचा.

आम्ही त्याले टाकून आलो नाही. पण साहेबांनी सांगितलं तसंही झालं नाही.

त्या दिवशी दुपारपासून धुकं होतं. असं धुकं, की पुढच्याची पाठ दिसेना. सेक्शन चढून राहिला होता. वरून फायर आला. अर्धे माझ्यासंगं डावीकडे खडकामागं गेले, अर्धे कमांडरसंगं उजवीकडे. वायरलेस एकच, तो कमांडरजवळ. आम्ही ओरडलो तर वरून आवाजावर गोळ्या येत होत्या, म्हणून चुपचाप राहायचं असा हुकूम होता. फायर थांबला तशी खाली उतरायची खूण झाली. मले वाटलं नत्थू कमांडरसंगं आहे. कमांडरले वाटलं तो माझ्यासंगं. खाली येऊन मोजले, तर एक कमी.

आम्ही सगळेच त्याले आणायले परत वर निघालो होतो. वाटेवर पुन्हा फायर आला, तेव्हा वरच्या साहेबांनी उजेडाची वाट पाहायले सांगितलं. सकाळी गेलो. तो नाल्यात होता. मांडीत गोळी. त्यानं आपल्याच हातानं पट्टी बांधली होती, जशी शिकवतात तशी, घट्ट. वहिनी, तो रात्रभर जिता होता. त्याचं अंग पुरतं थंड झालं नव्हतं.

साहेब तुमच्याकडे आले तेव्हा मी दाराशी उभा होतो. दीपमाला तुमच्या मांडीवर झोपली होती. साहेब म्हणाले, जागीच गेला. तुम्ही मान हलवली. त्यावर मी दुसरं काय बोलणार होतो? आणि नंतर यायचं म्हटलं, तर तुमच्यासमोर बसून तेच खोटं पुन्हा बोलावं लागलं असतं. ते मले जमलं नसतं. म्हणून नाही आलो.

आता मशीनचं. तुमचं पहिलं पत्र आल्यावरच मी चिन्मयी मॅडमले हे सांगितलं होतं. तुमाले टाळून लिहिलं, तेव्हा इकडे ते सुरू झालं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, धुक्यात एक माणूस मागे राहणं, ही चाचणी आमच्याकडे नाहीच. ती असायला पाहिजे." मी तिले उतार सांगितला, नाला सांगितला, खडक सांगितला. तिनं तसा डोंगर उभा केला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी डबा काढून बाहेर जाऊन बसलो.

जुन्या सामानानं आम्ही ती लढाई पुष्कळदा लढलो. दर वेळी आमच्यात मिसळलेला कंप्युटरचा एक बंदा नाल्यात पडायचा, आणि बहुतेकदा बाकीचे त्याच्याविना खाली यायचे. आमच्यातले अर्धे बंदे दुसऱ्या पलटणीचे, त्यायले आमची गोष्ट माहीत नव्हती. तरी तेच व्हायचं. कोणी निष्काळजी नव्हतं. दिसतच नव्हतं.

मग नवं हेल्मेट घातलं. चढताना सगळे ठिपके संगं होते. फायर आला, ठिपके दोन बाजूले झाले, आणि एक मधातच थांबला. सगळ्याईले एकदम दिसलं. कानात कोणी तरी म्हणालं, चार नंबर थांबला, नाल्यात आहे. आम्ही वळलो.

जवळ मीच पहिले पोचलो. तिथं कंप्युटरचा बंदा होता. त्याले चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी नुसता राखी रंग. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायले गेलो, तर हात आरपार गेला. लढाई संपली, दिवे लागले, तरी मी रबरावर बसून होतो. मॅडमनं पाणी आणून दिलं.

एकदा काच धुरकटली आणि नव्या सामानानंही बंदा मागं राहिला. ते मॅडमनं अहवालात घातलं. म्हणजे हे सामान देवानं दिलेलं नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे, वहिनी. ते असतं तर नत्थू आमच्यासंगं खाली आला असता. जगला असता का, हे मशीन सांगत नाही, डॉक्टरही आता सांगणार नाही. पण एकटा राहिला नसता.

जे होतं ते सगळं लिहिलं.

देवराव


पवनी
१९ ऑक्टोबर २०२४

देवराव भाऊजी,

तुमचं पत्र मेमध्येच मिळालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. लिहायला बसले की पहिलं वाक्यच सापडेना.

आधी मला तुमचा राग आला, मग साहेबांचा. मग राग कुणाचाच नव्हता, नुसती ती रात्र होती. त्या रात्री मी काय करत होते हे आठवायचा खूप प्रयत्न केला. तारीख माहीत आहे, पण काही आठवत नाही. जेवले असेन. दीपमालाला थोपटून झोपवलं असेल. इकडे मी झोपले आणि तिकडे ते पट्टी बांधत बसले होते. आधीचं बरं होतं, भाऊजी. जागीच गेले, या शब्दांना टेकून बसता येत होतं. तुम्ही ते काढून घेतलंत. मीच मागितलं होतं, म्हणून तक्रार करत नाही.

दीपमालाला सांगितलं नाही. दिवाळीला येणार आहे, तेव्हाही सांगणार नाही. तिला बाबा फोटोतलेच माहीत आहेत, हसणारे.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. तुम्ही लिहिलंत, दिसतच नव्हतं. मी विश्वास ठेवते. पण ठेवते म्हणजे रोज सकाळी नव्यानं ठेवावा लागतो. दुपारपर्यंत पुन्हा वाटतं, एवढे जण होते, एकाला तरी दिसले नसतील?

तो डोंगर अजून आहे का तुमच्याकडे? मला तिथं उभं राहू देतील का? जानेवारीत गिरिधर मिरची घेऊन नागपूरला कळमन्याच्या बाजारात येईल. त्याच्या गाडीतून येता येईल मला.

इंदु


लकडगंज, नागपूर
५ डिसेंबर २०२४

इंदुवहिनीले नमस्कार,

मॅडमले विचारलं. बाहेरच्या माणसाले नवं सामान दाखवायची मनाई आहे. पण हा डोंगर तिनंच उभा केला, आणि तुम्ही कोण ते तिनं वर जाऊन सांगितलं. परवानगी मिळाली. जुनं सामान तर तुमाले घालताच येईल, आणि ती निळ्या ठिपक्यांची एक साधी काचही लावून देऊ म्हणाली, म्हणजे नत्थू कुठं होता ते दिसेल. गोळ्यांचा आवाज बंद ठेवायले मी सांगितलं आहे.

फेब्रुवारीत चाचण्या संपतात. मग हॉल दुसऱ्या कामाले जाईल आणि आमची सुट्टी. म्हणून जानेवारीतच या. कळमन्याच्या मिरचीच्या गेटवर मी उभा राहीन. तुम्ही मले ओळखाल का, माहीत नाही. केस गेले सगळे.

देवराव


पवनी
३ फेब्रुवारी २०२५

देवराव भाऊजींना इंदुचा नमस्कार,

सुखरूप पोचले. येताना गाडीत मी काही बोलले नाही म्हणून गिरिधर काळजीत पडला होता. तिथं तुमच्याशीही धड बोलता आलं नाही. तुम्ही मेट्रोत माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता आणि मला फक्त स्टेशनं मोजता येत होती. म्हणून आता लिहिते.

चिन्मयीनं विचारलं होतं, ताई, कोणतं लावू? तुम्ही शेजारी ते काचेचं हेल्मेट हातात धरून उभे होता. तुम्हाला वाटलं असेल मी त्यासाठीच आले. मलाही तोवर तसंच वाटत होतं. त्यांच्यापाशी जायचं, चेहरा नसला तरी बसायचं, असं ठरवून आले होते. आणि तिनं विचारल्यावर मी म्हटलं, "जुनं द्या. त्यांच्याकडे जे होतं तेच द्या."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि ते हेल्मेट खाली ठेवलंत.

ते बुलेटप्रूफ अंगावर चढवलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, हे एवढं ओझं घेऊन चढायचे. घरी कधी सांगितलं नाही त्यांनी. घरी यायचे तर दीपमालाला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत जायचे आणि म्हणायचे, ही काहीच वजनाची नाही.

मग ते धुकं. मी तुमच्या जागेवर उभी होते, खडकापाशी. हात पुढं केला तर माझीच बोटं दिसेनात. उजवीकडे बघितलं, खाली बघितलं, नाला कुठं आहे ते तुम्ही आधी सांगितलं होतं, त्या दिशेला बराच वेळ बघत राहिले. काही नाही. नुसतं पांढरं. मी हाक मारली. तुम्ही ऐकलं असेल. अहो म्हणणार होते, पण तिथं सगळेच कुणाचे ना कुणाचे अहो असतील असं वाटलं, म्हणून नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. नत्थूजी, म्हटलं. पुन्हा म्हटलं.

चिन्मयी कानात हळूच म्हणाली, "ताई, काच लावू का? ते जवळच आहेत. लगेच दिसतील."

मी नको म्हटलं. भाऊजी, मला माहीत होतं ते तिथं आहेत. माहीत असून मला ते दिसले नाहीत. तुम्हाला तर माहीतही नव्हतं.

नंतर तिनं डबा काढायला सांगितलं, तेव्हा मी तिला थांबवलं. मला खाली उतरायचं होतं. तुम्ही सगळे जसे उतरलात तसं. तो पट्टा फिरायला लागला. चार पावलं टाकायची आणि मागं बघायचं. मागं धुकंच. एवढा उतार मी उतरले, आणि हे खोटं आहे, हॉल आहे, बाहेर दुपार आहे हे सगळं ठाऊक असून उतरले. तुम्ही खाली येऊन मोजलं आणि एक कमी निघाला, तेव्हा तुमचं काय झालं असेल ते मी कधी मनातच आणलं नव्हतं.

ते रात्रभर एकटे होते. हे आता मला कायमचं माहीत झालं आणि त्याला इलाज नाही. अजूनही पहाटे जाग आली की मी तिथंच असते. पण आता सकाळी उठून विश्वास ठेवावा लागत नाही. दिसत नव्हतं हे मी स्वतः बघून आले.

त्या पोरीला माझा आशीर्वाद सांगा. सामान पास होईल तेव्हा होईल, पण काच धुरकटते ते आधी नीट करा म्हणावं.

तुमचं काम या महिन्यात संपतं असं तुम्ही लिहिलं होतंत. गिरिधरला मी सांगितलं आहे, दीपमालाच्या बाबांचे मित्र येतील. कधी, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते कळवतील. त्याच्या बायकोनं बाहेरची खोली झाडून ठेवली आहे. इथं आरामशीन नाही, आवाज कसलाच नाही, तुम्हाला सुरुवातीला जड जाईल. संध्याकाळी मी घाटावर जाते. उजव्या बाजूला बसेन, म्हणजे तुम्हाला ऐकू येईल.

इंदु